धावपट्टी

नाव अजून तेच आहे, धावपट्टी.
फक्त आता तिच्यावर खरोखर धावतात माणसं.
घाम निथळत, हेडफोन सावरत,
सुटलेल्या कुत्र्याच्या मागे,
सायकल शिकणाऱ्या पोरीच्या मागे सीट धरून,
वाकून, धापा टाकत, "पुढे बघ, पुढे बघ गं."

बर्लिनच्या ऐन मध्यावर
एवढं थोरलं मोकळंढाकळं काहीच-नाही.
विमानं गेली, ती गेलीच.
उरलं गवत, आणि वारा,
आणि तो अडवायला मध्ये एकही इमारत नाही.

मी इथला कुलूपवाला.
सूर्य मावळला की एकेक दरवाजा.
जूनमध्ये रात्रीचे दहा, डिसेंबरात दुपारचे चार,
माझी ड्यूटी सूर्याच्या मर्जीवर.

जमीन खणायला मनाई आहे,
म्हणून नुरहायातचे टोमॅटो फुटक्या बाथटबात,
पुदिना बुटांच्या कपाटात,
आणि मिरच्या, फळ्या ठोकून केलेल्या पेटीत.
बी तिच्या आईचं, आंतेपचं,
रुमालाच्या गाठीतून आलेलं.
इथे ती मिरची तिखट होत नाही.
ऊनच अळणी, त्याला ती तरी काय करणार.
दर ऑगस्टात चार मला देते,
मी चावून हाय हाय करतो, डोळे पुसतो,
ती वर्षभरासाठी खूश.

शेजारच्या बाकावर एकेहार्ट, वय एकोणनव्वद.
पोरवयात त्यानं इथली विमानं पाहिली,
पीठ आणणारी, कोळसा आणणारी,
हातरुमालाच्या छत्रीला बांधून मनुका टाकणारी.
"पुडी थेट माझ्याकडे येत होती,
मध्येच वारा फिरला,
शेजारच्या डीटलिंडेच्या हातात पडली."
डीटलिंडे कधीच गेली.
त्याचा राग अजून गेलेला नाही.
वारा सुटला की तो वर बघतो.

एप्रिलपासून जुलैपर्यंत
आम्ही मधल्या गवताला दोरी बांधतो.
आत चंडोलांची घरटी, जमिनीवरच,
पावलाखाली सहज येतील अशी.

त्या दोरीपलीकडे पडला
कुतैबाचा पतंग. लाल, लांब शेपटीचा.
नऊ वर्षांचं पोर माझ्यापुढे येऊन उभं.
"तुझ्याकडे एवढ्या किल्ल्या आहेत ना?"
आहेत रे.
पण दोरीला कुलूप नसतं.
ती ओलांडायला किल्ली लागत नाही,
आणि म्हणूनच ओलांडता येत नाही.

त्याला ते पटलं असं मी म्हणणार नाही.
रोज यायचा. दोरीशी उभा राहायचा,
चपलेचं टोक अगदी सीमेवर.
मे महिन्यात शेपटी दिसेनाशी झाली,
जूनमध्ये लाल रंगाचा एक ठिपका,
मग गवतच गवत,
आणि त्यातून सरळ वर चढत जाणारा
एक इवलासा कलकलाट.
"तो माझ्या पतंगावर बसतो का?"
बसत असेल.
तेव्हा पहिल्यांदा हसला.

ऑगस्ट उजाडला, दोरी गुंडाळली.
पतंग मीच शोधला, विटून गुलाबी झालेला,
कामट्या शाबूत. केबिनीत खिळ्याला टांगला.
कुतैबा आला तेव्हा स्केटबोर्डवर होता,
सोबत तिघे, आवाज थोडा जाडसर.
मी पतंग उंच धरला.
त्यानं हात हलवला,
जसा कुणीही कुणालाही हलवतो,
आणि धावपट्टीवरून सुसाट गेला.

मी घंटा वाजवली.
कुठल्या कुठल्या भाषांतून आलं तेच,
पाच मिनिटं हो, पाचच मिनिटं.
मी दिली. रोज देतो. सात होतात.
शेगड्यांवर पाणी ओतलं, राख चुरचुरली,
एकेहार्टनं चादर झटकली, तीनदा.

पतंगाची शेपटी नुरहायातनं मागून नेली,
टोमॅटोवर बांधली,
पाखरं बसू नयेत म्हणून.